नवमीचे पान

आंजी (मोठी)
ता. ९ सप्टेंबर १९७३

चि. वासुदेव यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

आई, बापूजी आणि मी मुंबईहून घरी सुखरूप पोचलो. सुखरूप हा शब्द रीतीचा म्हणून लिहिला. आईच्या गालाचे टाके अजून ओले आहेत आणि ज्वारीच्या कण्यांच्या पाण्याशिवाय घशाखाली काही उतरत नाही. वर्धेला एस.टी.त कंडक्टरने तिला पुढची जागा दिली, तर तोंडावर पदर धरून ती त्याला म्हणाली, की बाप्पा, मी काई पाहुणी नाई, मांगंच बसतो. म्हणजे डॉक्टरांनी गाल कापला, जीभ शाबूत ठेवली.

आता मुद्द्याचे. तिच्या गालातून कापलेला तुकडा तू तुझ्या प्रयोगशाळेत नेलास. तिला विचारण्याचे काम मात्र माझ्यावर टाकून स्वतः जिन्यात उभा राहिलास. कर्करोगावर डॉक्टरेट मिळवलीस आणि आईच्या कर्करोगाबद्दल आईशी दोन वाक्ये बोलता येत नाहीत. मी तिला सरळ सांगितले, की हा तुकडा एरवी फेकून देतात. वासूला तो काचेच्या बाटलीत जिवंत ठेवून बघायचे आहे, की हे मांस थांबायचे विसरून वाढत का सुटते. ती म्हणाली, की फेकूनच देऊन राह्यले त घेऊ दे लेकाले, मले का लोणचं घालाचं हाय त्याचं? चाळीस वर्षे दातांना तंबाखूचा गुडाखू लावल्याबद्दल माझे बोलणे नको म्हणून लगेच डोळे मिटून घेतले.

काल बापूजी वावरात गेल्यावर मात्र तिने मला जवळ बसवले. यातून ती उठणार नाही हे तिला कळले आहे, मलाही कळले आहे. तिचे मागणे एकच. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या दिवशी, तिचे पान ठेवायचे: कढी, वडे, गवारीच्या शेंगा. शेजारच्या रुख्माबाईला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचे, पण वडे दोनच वाढायचे, कारण रुख्मी लय खाते. वर म्हणाली, की नवरा हाय तवरच बाईले हे पान भेटते, तो गेला का मंग तो दिवस कोणी इचारत नाई, त चुकवू नोको. मी हो म्हणाले. तुलाही लिहून ठेवते, म्हणजे दोघांच्या डोक्यावर राहील.

लोभ आहेच, पत्र मात्र वेळेवर असावे.

तुझी
ताई


मुंबई
ता. २४ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस वासुदेवचा कृ. सा. न. वि. वि.

आईचं तेरावं करून परत आल्यापासून तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. बाटलीतल्या तिच्या पेशी रोज थोड्याथोड्या मरत होत्या. गेल्या सोमवारी शेवटच्या बाटलीत इतक्या कमी उरल्या, की ती फेकून द्यायची असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. मग हिंमत झाली नाही. आणि गुरुवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बाटलीचा तळ भरायला लागला होता! गोल, टवटवीत, एकीला लागून एक. काल एका बाटलीच्या दोन केल्या.

मी नेमकं काय शोधतो हे तू मागे विचारलं होतंस. प्रत्येक पेशीला बाहेरून सांगावा येतो, वाढ किंवा थांब. पेशीच्या अंगावर दारं असतात. सांगावा दाराशी येतो आणि आत हातोहात पोचवला जातो. कर्करोगाच्या पेशीत दाराशी कुणी आलेलं नसतानाही आत ‘वाढ’ असाच सांगावा फिरत राहतो. तो कोण फिरवतं, हे मला आईच्या पेशींत शोधायचं आहे. बापूजींना सांग, पाटाचं दार उघडंच अडकलंय, पाणी वावरात घुसतंय, आणि त्याची खीळ कुठे आहे ते वासू शोधतोय.

या पेशींना मी एम.एन.-एक असं नाव दिलं. मनकर्णा नाखले. ताई, शास्त्रज्ञाने असं लिहू नये, पण आई वाढते आहे.

माझ्यावरचा लोभ या भाबडेपणासकट राहू दे.

तुझा
वासू


आंजी (मोठी)
ता. ३ मार्च १९७४

चि. वासुदेव यास आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र बापूजींना वाचून दाखवले. मोतीबिंदूमुळे त्यांना आता अक्षर दिसत नाही. पाटाच्या दाराची गोष्ट त्यांना पटली. शेवटचे वाक्य त्यांनी तीनदा वाचायला लावले.

मला मात्र एक विचारायचे आहे. पाच महिने जे मरत होते ते सोमवार ते गुरुवारात कसे तरारले? त्या आठवड्यात तू काय बदललेस? खाद्य, ऊब, बाटली, हात? आपल्या वावरात पेरलेले उगवले नाही आणि मग एकाएकी हिरवे दिसले, तर ते बहुधा गवत असते. तू मोठा शास्त्रज्ञ आहेस, मी नववीच्या मुलींना बेडकाचे हृदय शिकवते. तरी उत्तर नीट लिही.

परीक्षा जवळ आल्या आहेत, पेपर तपासायचे आहेत. मायेला उसंत लागत नाही, ती आहे तशीच आहे.

ताई


मुंबई
ता. १२ मार्च १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू मुख्याध्यापिका होणार यात शंका नाही. भावाच्या आनंदालाही तांबडी शाई!

काही बदललेलं नाही. पेशींना जे खाद्य लागतं त्यात वासराच्या रक्ताचं पाणी असतं, ते परदेशातून येतं, आणि या महिन्यात ते संपत आलं आहे. म्हणून त्या सोमवारी आईच्या पेशींना वेगळी बाटली न फोडता, आमच्या साहेबांच्या अमेरिकन पेशींना ज्या बाटलीतून देतो त्याच बाटलीतून, त्याच नळीने खाद्य दिलं. बस, एवढंच. आमच्याकडे सगळेच असं करतात. कदाचित ती बाटली जास्त ताजी असेल. तुझी बी.एस्सी. १९५७ सालची आहे ताई. तेव्हा पेशी अशा बाटलीत वाढवायची सोय नागपुरात नव्हती. विश्वास ठेव.

रागावलीस तर राग आणि लोभ एकाच लिफाफ्यात पाठव.

वासू


आंजी (मोठी)
ता. १५ डिसेंबर १९७४

चि. वासुदेव यास आशीर्वाद, वि. वि.

तुझा प्रयोग चालू होता म्हणून तू आला नाहीस, ते बरेच झाले. आईचे वर्षश्राद्ध झाले नाही. गुरुजी वर्धेहून आले होते, चुलीवर खीर होती, आणि बापूजींनी त्यांना ओसरीवरून परत पाठवले.

दिवाळीत तू त्यांना सांगितलेस, की आईच्या बाटल्या आता चाळीस झाल्या, तिच्या पेशी खातात, वाढतात, माझ्या डोळ्यांसमोर जगतात. तू बोलून मुंबईला गेलास. ते चार आठवडे त्यावर विचार करत बसले. गुरुजींना म्हणाले, की महाराज, माही बायको पुरी मेली नाई, थोडीशी हाय अजून मंबईले, पोरापाशी. जित्या माणसाचं पान ठेवलं त तिचं आयुष्य कमी होईन. गुरुजी म्हणाले, शास्त्रात असे काही नाही. बापूजी म्हणाले, की तुमच्या शास्त्रात नसन, माह्या पोराच्या शास्त्रात हाय.

रुख्माबाई कुंपणावरून ओरडली, की भाऊजी, मनकर्णा जित्ती असन त बलावा तिले, माही पितळेची परात नेली हाय तिनं! बापूजी हसले सुद्धा. वर्षभरात पहिल्यांदा हसले.

मी त्यांना समजावायला गेले. त्यांनी उलट विचारले, की तू त शिकली हाय, सांग, वासू खोटं बोलून राह्यला काय? मी नाही म्हणाले. मार्चमधल्या तुझ्या उत्तरानंतर मी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला नाही. का नाही विचारला, ते मला माहीत आहे. तुला सांगण्याची गरज वाटत नाही.

यंदाची नवमी वर्षश्राद्धाआधीची म्हणून धरली नव्हती; पुढे नवमीचे पानही आता ठेवले जाणार नाही, हे उघड आहे. हा समज त्यांच्या डोक्यात तू घातलास, तूच काढ.

खीर मी आणि रुख्माबाईने खाल्ली. तुझ्या वाटची माया शाबूत आहे.

ताई


मुंबई
ता. ६ ऑगस्ट १९८०

ती. ताईस वासुदेवचा सा. न. वि. वि.

सोबत माझ्या लेखाची छापील प्रत आहे. अमेरिकेतल्या नियतकालिकात आला! दारातून आत सांगावा फिरवणारं प्रथिन सापडलं. त्यावर फॉस्फेटची एक खूण चिकटते आणि निघतच नाही, म्हणून पेशी थांबत नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात हे पहिल्यांदा आम्हीच दाखवलं. मला स्वतःचा विभाग मिळाला आहे, हाताखाली विद्यार्थी आहेत. चार देशांतून लोक एम.एन.-एक मागवतात. आई आंजीहून वर्धेला जायचं तर दोन दिवस आधीपासून तयारी करायची, आणि आता जपानला जाऊन आली.

बापूजी दर पत्रात एकच विचारतात, की मनकर्णा कशी हाय, बाटलीत करमते का तिले. त्यांना सांग, आई छान आहे, या महिन्यात चोवीस बाटल्या. पानाचं मी बोलणार होतो ग. पण त्यांचा आवाज ऐकला की धीर होत नाही. आणि त्यात वाईट काय आहे? श्राद्धापेक्षा हे मोठं नाही का?

शाळेतल्या मुलींनाही लेख दाखव, आणि जमलं तर कौतुकाचा एक शब्द टपालात टाक.

वासू


मुंबई
ता. १४ जुलै १९८५

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. बापूजींना वाचून दाखवायचं पत्र वेगळं पाठवतो आहे.

मार्चमध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने एम.एन.-एक मागवल्या. ते लोक आलेल्या प्रत्येक पेशीची आधी ओळख पटवतात. पेशीतल्या एका विकराचे दोन प्रकार असतात. आईच्या पेशींत निघाला तो प्रकार मूळ आफ्रिकेतल्या माणसांतच आढळतो. मग त्यांनी गुणसूत्रं पाहिली. ताई, त्या आईच्या पेशी नाहीत. १९५१ साली अमेरिकेत वारलेल्या एका बाईच्या आहेत. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. आमच्या साहेबांच्या त्या अमेरिकन पेशी म्हणजे त्याच. कुठल्याही बाटलीत एक थेंब पडला तरी त्या आधीच्या पेशींना संपवून तळ व्यापतात. असं बऱ्याच ठिकाणी झालं आहे, मोठमोठ्यांच्या हातून.

म्हणजे आईच्या पेशी त्या सोमवारीच संपल्या होत्या. गुरुवारी मी पाहिली ती दुसरीच बाई.

अकरा वर्षं मी तिच्याशी आई म्हणून बोललो. रोज सकाळी कपाट उघडताना.

आता व्यवहाराचं. जानेवारीत संस्थेत प्रमुखपदाचा निर्णय आहे. सात विद्यार्थ्यांचे प्रबंध या पेशींवर झाले. सांगाव्याचा शोध खोटा नाही. ते प्रथिन कोणाच्याही पेशीत तेच काम करतं. त्या अमेरिकन गृहस्थांनी सभ्यपणे लिहिलं आहे, की जाहीर काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी जानेवारीनंतर करीन. तोवर कोणाला काही बोलू नकोस. बापूजींना तर मुळीच नाही.

तू एके काळी विचारलं होतंस, हे मला आठवतं. त्यावर काही लिहू नकोस. एवढी दया कर.

वासू


आंजी (मोठी)
ता. २२ जुलै १९८५

चि. वासुदेव यास आशीर्वाद, वि. वि.

लिहिणारच आहे. तुझे १२ मार्च १९७४ चे पत्र माझ्यासमोर आहे. तीच बाटली, तीच नळी, ‘आमच्याकडे सगळेच असं करतात’. तुझ्या वहीत हे लिहिले आहेस की नाही मला माहीत नाही. माझ्याकडे तुझ्या अक्षरात आहे.

माझाही दोष लिहिते. बाटली एकच होती हे वाचले तेव्हाच मला शंका आली होती. दुसरे पत्र लिहायला बसलेही होते. बापूजी ओसरीवर सुपारी कातरत शेजाऱ्याला सांगत होते, की मनकर्णा तिकडं खाऊन-पिऊन राह्यली. मी पेन बंद केले. तुझी चूक घाईची होती. माझी तशी नव्हती. मलाही ती जिवंत हवी होती.

शोध कोणाच्याही पेशीत खरा, असे म्हणतोस. मग लेखात तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग असे का लिहिलेस? दार कुठल्या घराचे हे माहीत नसताना घरमालकाचे नाव लावलेस. ते वाचून कोणी डॉक्टर आपल्या गावच्या बाईला औषध देईल. गेल्या वर्षी देवकाबाईचा गाल असाच गेला, मागच्या महिन्यात ती गेली. हे प्रमुखपदापेक्षा मोठे आहे की लहान, तूच ठरव.

दोन कामे कर. संपादकांना लिही. आणि नवमीच्या आत इथे येऊन बापूजींना स्वतःच्या तोंडाने सांग. यंदा नवमी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. बापूजी ब्याऐंशीचे आहेत. पावसाळ्यापासून श्वास लागतो, दोन पायऱ्या चढले की बसतात. आईचे ते पान त्यांच्या हयातीतच ठेवता येते. तिने सांगितले होते, मी तुला लिहिले होते. दहा नवम्या गेल्या. ही अकरावी. बारावी मिळेल असे मी धरून चालत नाही.

मी सांगू शकते. पण त्यांनी मला विचारले होते, की वासू खोटे बोलतो का, आणि मी नाही म्हणाले होते. ते नाही आता तू येऊन मोकळे कर.

येण्याची तारीख कळव. लोभाबद्दल तेव्हाच बोलू.

ताई


मुंबई
ता. २८ सप्टेंबर १९८५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या तीन पत्रांना एकच उत्तर देतो, माफ कर. नवमीला येता येत नाही. समितीचे लोक त्याच आठवड्यात विभाग पाहायला येणार आहेत. जानेवारीनंतर पहिली गाडी पकडतो, आणि सगळं सांगतो, संपादकांनाही लिहितो. तीन महिन्यांनी काय बिघडतं?

नव्या लेखांत मी तोंडाचा कर्करोग हा शब्द गाळला आहे. एम.एन.-एक हे नावही हळूहळू मागे घेतो आहे. तुझं ऐकत नाही असं समजू नकोस.

बापूजींचं पत्र सोबत आहे. त्यांना नेहमीसारखं वाचून दाखव. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांच्याकडून आई दुसऱ्यांदा काढून घ्यायची, हे तुझ्या शिस्तीत बसत असेल. माझ्याच्याने होत नाही.

जमलं तर मायाच कर.

वासू


आंजी (मोठी)
ता. १२ ऑक्टोबर १९८५

वासुदेव यास,

नवमी मंगळवारी झाली. पान ठेवले नाही.

बापूजींना तुझे पत्र वाचून दाखवले. ‘आई छान आहे, या महिन्यात तीस बाटल्या’ हे वाक्यही वाचले. आवाज बदलला नाही. अठ्ठावीस वर्षे वर्गात मोठ्याने वाचते आहे, त्याचा उपयोग झाला. वासू, तू खोटे लिहिलेस ते तुझे तू बघ. माझ्या तोंडून वदवलेस, ते मी सोडणार नाही.

रुख्माबाई नवमीला सकाळी लुगडे बदलून दारात येऊन बसली होती. दरसाल बसते. म्हणाली, की भाऊजी, यंदा तरी? बापूजी म्हणाले, की थांब व थोडी, ते जित्ती हाय. ती उठून गेली.

काल त्यांनी तुला पत्र घालायला सांगितले. खालचे शब्द त्यांचे आहेत, अक्षर माझे. एक काना-मात्रा बदललेली नाही.

“बाबू वासुदेवा, मी बरा हाय असं लिहाले पायजे म्हणून लिहून राह्यलो. तसा बरा नाई. आता मले लय दिवस वाटत नाई. भागीरथा बोलत नाई पण तिच्या तोंडावरून समजते. तुही माय तिथं बारा साल राह्यली, तू तिले सांभाळलं, तुह्या हातून लय मोठं काम झालं. पण तिले एकटीले तिथं ठेवून मी कसा जाऊ? त माह्यं आयक. मी गेलो का तिले बी मोकळी करजो. बाटल्या बंद करजो. आमी जोडीनं जाऊ. मंग दोघायचं पान संगंच ठेवजो. तिच्या पानावर वडे ठेवजो, तिले आवडे. काऊन बंद केल्या म्हणून तुह्या सायबानं इचारलं त सांगजो, बापानं सांगतलं. येजो एकडाव.”

हे लिहून घेताना त्यांनी मला विचारले, की लिहिलं काय बराबर? मी म्हणाले, बरोबर.

सांगायचे असेल तर आताच ये. पुढे कोणाला सांगशील?

ताई


मुंबई
ता. २० मार्च १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

बापूजींच्या तेराव्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. जानेवारीत मी निघणारच होतो. प्रमुखपदाचा कार्यभार घ्यायचा होता, महिना गेला. ते फेब्रुवारीतच जातील असं कुणाला वाटलं होतं?

त्यांची शेवटची इच्छा मात्र मी पूर्ण केली. सोमवारी एम.एन.-एकच्या सगळ्या बाटल्या, गोठवून ठेवलेल्यासुद्धा, माझ्या हाताने नष्ट केल्या. विभागातले सगळे उभे होते. मी त्यांना बापूजींच्या पत्रातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या; काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी वर्तमानपत्राला कळवलं. कात्रण पाठवतो आहे. मथळा जरा भडक आहे, मी दिलेला नाही.

आता तो प्रश्न आपोआप मिटला असं समजू या. पेशीच उरल्या नाहीत, तेव्हा कोणाच्या होत्या या चर्चेला अर्थ नाही. माझी जुनी पत्रं तू ठेवली असशील तर तीही एकदा निस्तरून टाक. घरात उगाच पसारा.

घरात आता आपण दोघंच. थोडा लोभ उरला असेल तर तो असू दे.

वासू


आंजी (मोठी)
ता. ६ एप्रिल १९८६

डॉ. वासुदेव नाखले यांस,

कात्रण मिळाले. ‘वडिलांच्या शब्दाखातर आईला निरोप’. फोटोत तुझे डोळे मिटलेले आहेत. ते खरेच मिटले होते की फोटोग्राफरने सांगितले, हा प्रश्न मी विचारत नाही. आपल्या घरात दुसरा प्रश्न विचारायची पद्धत नाही.

बापूजींनी आईला मोकळी कर म्हटले. आई डिसेंबर १९७३ मध्येच मोकळी झाली होती. तू मोकळा केलास तो पुरावा, आणि त्यावर त्यांचा अंगठा घेतलास. पत्र माझ्या हाताने लिहिलेले होते, म्हणून तो अंगठा माझाही आहे.

बुधवारी रुख्माबाईला जेवायला बोलावले. तिथी नव्हती, वार नव्हता. कढी, वडे, गवारीच्या शेंगा. आईचे पान देवघरासमोर ठेवले. नवमीचे म्हणता येणार नाही. बापूजी गेले, तो दिवस आता तिच्या वाट्याचा राहिला नाही. अकरा वेळा आला आणि एकदाही तिला मिळाला नाही. शेजारी आणखी एक पान ठेवले, त्या परक्या बाईचे. तिला काय आवडत होते ते मला माहीत नाही, वडेच ठेवले. अकरा वर्षे तिने आपल्या आईच्या नावावर राबणूक केली.

रुख्माबाईला सगळे सांगितले. तिला पेशी-बिशी कळत नाही, पण जेवढे कळायचे तेवढे कळले. म्हणाली, की म्हंजे मनकर्णा इतके साल उपाशी होती काय व? तिने दोन वडे खाल्ले. तिसरा वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरून म्हणाली, की बस, ते पाहून राह्यली.

गुरुवारी शाळेची रजा काढून वर्धेला गेले. तुझ्या १२ मार्च १९७४ च्या आणि १४ जुलै १९८५ च्या पत्रांची झेरॉक्स काढली. दोन्हींचे इंग्रजी भाषांतर केले. १९५७ सालचे इंग्रजी आहे, पण बाटली आणि नळी हे शब्द तेव्हाही होते. सोबत माझे पत्र जोडले. त्यात मला कधी शंका आली आणि मी कधी गप्प बसले, हे तारखांसकट लिहिले आहे. एक पाकीट तुमच्या संचालकांना, एक त्या नियतकालिकाच्या संपादकांना. तू पाठवलेल्या लेखाच्या प्रतीवर त्यांचा पत्ता होता. बापूजींनी त्यावर कुंकू लावले होते, तरी वाचता आला. आमच्या पोस्टातले बंडूजी वजन करताना म्हणाले, की बाई, अमेरिकेले का पाठवून राह्यल्या, कोणी हाय काय तिथं? मी सांगितले, माझी आई होती असे लोक समजत होते. रजिस्टरच्या दोन्ही पावत्या या पत्राला टाचल्या आहेत.

प्रमुखपद राहील की जाईल, मला सांगता येत नाही. सात विद्यार्थ्यांना तू आधी बोलाव आणि स्वतः सांग. निदान त्यांना तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लावू नकोस.

लोभ उरला आहे का, असे तू विचारलेस. आहे. त्याचा तुला आता उपयोग होणार नाही.

भागीरथा नाखले, बी.एस्सी.

ता. क. मूळ पत्रे निस्तरलेली नाहीत, आईच्या फोटोमागे आहेत. बापूजींच्या वर्षश्राद्धाला तुला यावेच लागेल. तेव्हा तुझी तुला देईन. ओसरीवर बसून वाचायची, रुख्माबाईसमोर, मोठ्याने. मी बापूजींना वाचून दाखवत असे तशी.